बाळ झाल्यावर व्यायाम: आधी बाळ कोण धरणार ते ठरवा

माझी मुलगी आता नऊ महिन्यांची आहे. ती तीन महिन्यांची झाल्यापासून मी चार वेळा व्यायाम सुरू केला, पहिल्यांदा आठ दिवस टिकला, दुसऱ्यांदा तीन, तिसऱ्यांदा दोन आठवडे, आणि चौथ्यांदा मात्र चक्क साडेतीन महिने. म्हणून लिहायला बसलेय, कारण पहिल्या तीन वेळा आणि चौथ्या वेळी काय वेगळं होतं ते मला आता बऱ्यापैकी कळलंय.

आधी मला वाटायचं माझ्यात मोटिव्हेशन कमी पडतंय. रात्री रील्स बघायचे, बाळाला घेऊन स्क्वॉट मारणाऱ्या फिट आया, सकाळी उठून करायचंच असं ठरवायचं, आणि सकाळी सहाला अलार्म वाजला की आधी बाळ उठायचं, मग दूध, मग शी, मग परत झोपवणं, तोपर्यंत नऊ वाजलेले आणि कुकरच्या शिट्ट्या सुरू. इच्छा होती हो भरपूर. नव्हते ते वीस मिनिटं बाळ धरणारे हात. बाळंतपणाला मी माहेरी सिन्नरला होते तेव्हा हे लक्षातच आलं नाही, तिथे आई, वहिनी, आजी, शेजारच्या काकू, बाळ माझ्याकडे यायचं ते फक्त भूक लागल्यावर. सप्टेंबरमध्ये नाशिकला इंदिरानगरच्या फ्लॅटवर आलो आणि घरात आम्ही दोघंच, त्यात नवरा अंबडला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. मग कळलं.

तर पहिलं काम हे, की शूज-मॅट घ्यायच्या आधी नवरा-बायकोने बसून ठरवायचं की कोणत्या दिवशी कोणत्या वेळी बाळ कोणाकडे. "जमेल तसं बघू" असं म्हटलं की कधीच जमत नाही, हे मी लिहून देते. आमच्याकडे कालनिर्णयवरच लिहिलेलं असतं. नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट असेल त्या आठवड्यात तो साडेतीनला सुटतो, चारपर्यंत घरी, चहा पितो, साडेचार ते पाच बाळ त्याच्याकडे. सेकंड शिफ्ट असेल तर सकाळी साडेआठ ते नऊ. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात मी फक्त घरातल्या घरात करते, कारण रात्रभर जागून आलेल्या माणसाच्या हातात बाळ देऊन निघून जाणं बरोबर नाही, तो बसल्या बसल्या झोपतो. दर आठवड्याला वेळ बदलते म्हणजे सवय लागणार नाही असं मला वाटलं होतं. लागते. वेळेची नाही लागत, कॅलेंडर बघायची लागते.

आणि हे दोन्ही बाजूंनी हवं हं. माझी ऑफिसची रजा, ती 26 आठवड्यांची, डिसेंबरमध्ये संपली आणि सासूबाई गावाहून आमच्याकडे राहायला आल्या, दिवसभर बाळ त्यांच्याकडे. मला वाटलं चला आता काय, संध्याकाळीही आई आहेतच. चार दिवसांनी आई सहज म्हणाल्या, "अगं मी पण सकाळपासून पाय मोकळे केले नाहीत." लाजच वाटली मला. तेव्हापासून संध्याकाळी आधी आईंचा अर्धा तास, त्या खाली गार्डनला जाऊन येतात, मग माझा. नवऱ्याचा रविवारी सकाळी, तो आणि त्याचा मित्र पांडवलेणीच्या पायऱ्या चढून येतात आणि मग मिसळ खाऊन येतात, म्हणजे हिशोब बरोबरच होतो, पण जाऊ दे. नव्या बापाचंही पोट सुटतं, झोप त्याचीही मोडते, त्याच्याबद्दल कोणी विचारत नाही.

आता शरीराचं, हे घाईत वाचू नका.

माझं सिझर होतं. नॉर्मल असो की सिझर, सहा आठवड्यांच्या तपासणीला डॉक्टरांना स्पष्ट विचारा की मी काय करू शकते, त्या स्वतःहून सांगतीलच असं नाही, तिथे सगळं लक्ष बाळाच्या वजनावर असतं. सिझरला पोटाचे बरेच थर शिवलेले असतात, वरचा टाका सुकला म्हणजे आतलं भरलं असं नाही, त्यामुळे आठ-दहा आठवडेही लागू शकतात. हळू चालणं मात्र बहुतेकींना त्याआधीच चालतं, घरातल्या घरात. सव्वा महिना बाहेर पडायचं नाही हे आमच्याकडे आजीचं फर्मान होतं, कानाला रुमाल, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळीवाची खीर सगळं झालं, आणि खरं सांगू, तो सव्वा महिना मला आवडला. ज्यांना वाटतं की पंधराव्या दिवशी जिम सुरू करावी त्यांनी जरा थांबा.

पहिला व्यायाम जो कोणालाच दिसत नाही तो म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळणं, केगल म्हणतात त्याला. लघवी रोखताना जे आवळतो ना, ते आवळायचं, तीन ते पाच सेकंद धरायचं, पूर्ण सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र करत बसू नका, ते फक्त स्नायू कोणता ते ओळखण्यापुरतं. मी हे दूध पाजण्याला जोडलं. बाळ अंगावर घेतलं की दहा वेळा. लहान बाळ दर दोन-तीन तासांनी पितं, म्हणजे आठवण करायला वेगळा अलार्म लागतच नाही. शिंकताना, हसताना थेंब गळत असतील तर बाईने गप्प बसायचं अशी आपल्याकडे रीत आहे, पण ते बरं होतं, फिजिओथेरपिस्टकडे जा.

दुसरं पोटाचं. गरोदरपणात पोटाचे मधले दोन उभे स्नायू बाजूला सरकतात. उताणं झोपा, गुडघे वाकवा, डोकं जरासं उचला आणि बेंबीच्या वर-खाली मध्यभागी बोटं आडवी दाबून बघा. दोन बोटांपेक्षा जास्त खाच लागली, किंवा उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा येतोय, तर सिटअप, क्रंच, प्लॅंक हे सध्या नाही. मी पहिल्या वेळी नेमकं हेच केलं होतं, पोट कमी करायचं म्हणून रोज तीस क्रंच, आठव्या दिवशी कंबर धरली. पोट आत घेत हळू श्वास सोडणं, पाठीवर झोपून एकेक पाय सरकवणं, कंबर उचलायचा ब्रिज, एवढ्यावर महिना काढा. सूर्यनमस्कार लहानपणापासून येत असले तरी ते नंतर, डॉक्टरांना विचारून. पळायचं असेल तर निदान तीन महिने थांबा, सिझर असेल तर त्याहून थोडं जास्तच.

रक्तस्राव परत वाढला, टाक्याजवळ दुखलं, खाली जड-जड ओढल्यासारखं वाटलं, पोटरी सुजून दुखायला लागली किंवा दम लागून छातीत दुखलं तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं, उद्या बघू असं नाही.

दुधाचा प्रश्न येणारच. व्यायामाने दूध आटतं, दूध आंबट होतं, हे मला तीन वेगवेगळ्या काकूंनी सांगितलं. मध्यम व्यायामाने दूध कमी होत नाही आणि बाळाच्या वाढीवरही परिणाम होत नाही. फक्त निघायच्या आधी बाळाला पाजून घ्या, एक तर तुम्हाला हलकं वाटतं, आणि दुसरं म्हणजे मागे राहिलेल्या माणसाला निदान तासभर शांती. ब्रा घट्ट आधार देणारी हवी पण दाबून टाकणारी नको. पाणी भरपूर. आणि डाएट करू नका प्लीज, अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यात रोज साधारण 600 कॅलरी जास्त लागतात, उपाशी राहून चालायला गेलात तर तिसऱ्या दिवशी चक्कर आणि चौथ्या दिवशी बंद. माझी दुसरी वेळ अशीच तीन दिवसांत संपली.

तिसरी वेळ थंडीने संपवली. नोव्हेंबर उजाडला, नाशिकची थंडी तुम्हाला माहीतच आहे, पहाटे सहाला गोधडीतून एक पाय बाहेर काढायला हिंमत लागते, आणि मी ठरवून बसलेले की व्यायाम म्हणजे पहाटेच. का? तर बाबा पहाटे जायचे म्हणून. बाळाच्या घरात पहाटेची झोप ही सगळ्यात महाग वस्तू, ती विकून व्यायाम घेऊ नका. रात्री बाळाने चार वेळा उठवलं असेल तर दुसऱ्या दिवशी माझा नियम असा आहे की फक्त दहा मिनिटं चालायचं, बाकी झोपायचं. यात आळस नाही, झोप नसताना जोरात व्यायाम केला की दुखापत होते आणि चिडचिड वाढते.

जागेचं म्हणाल तर जवळची जागा निवडा, चांगली नाही. मला कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आवडतो, गोल्फ क्लबवरही मस्त गर्दी असते सकाळी, पण इंदिरानगरहून तिथे जायचं म्हणजे गाडी काढा, मुंबई नाक्याचा सिग्नल, पार्किंग, अर्ध्या तासातले वीस मिनिटं रस्त्यातच. त्यापेक्षा इंदिरानगरचाच ट्रॅक. पावसाळ्यात किंवा कुठे जाणंच शक्य नाही त्या दिवशी बिल्डिंगचा जिना, चार मजले, तीन वेळा वर-खाली, लिफ्टमधले लोक विचित्र बघतात, बघू दे. आता उन्हाळा येतोय, एप्रिल-मेमध्ये नऊनंतर बाळाला घेऊन चालायचं नाही, संध्याकाळी साडेसहानंतरच.

बाळाला बरोबर न्यायचं असेल तर प्रॅममध्ये घालून चालणं बेस्ट. प्रॅम घेऊन पळणं मात्र बाळ किमान सहा महिन्यांचं होईपर्यंत नाही आणि तेही पळण्यासाठी बनवलेली मोठ्या चाकांची प्रॅम असेल तरच, आपले रस्ते बघता मी म्हणेन नकोच, चाला. छातीशी बांधायच्या कॅरिअरमध्ये बाळ असताना उड्या, पळणं अजिबात नाही, मान-डोकं हलतं. घरात मात्र बाळ मान सांभाळायला लागलं की त्याला छातीशी घट्ट धरून खुर्चीवर बसायचं-उठायचं, दहा वेळा. आमची खिदळते. तिला वाटतं तिच्यासाठीच चाललंय.

किती करायचं? हळूहळू वाढवत आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत पोचायचं असतं, भरभर चालण्यासारखा व्यायाम. हा आकडा ऐकून घाबरू नका. मी दहा मिनिटांपासून सुरू केलं होतं, तेही आठवड्यातून चार दिवस, आणि वजनकाटा नवऱ्याला माळ्यावर टाकायला सांगितला, कारण रोज काट्यावर उभं राहून काटा हलत नाही बघितलं की सगळा उत्साह जातो. त्याऐवजी मी हे लिहायचे: आज किती मजले न थांबता चढले, कंबर दुखली का, झोप कशी लागली. पहिल्या महिन्यात दोन मजल्यांवर धापा टाकत होते, फेब्रुवारीत चार मजले बाळाला घेऊन. कालनिर्णयवर दूधवाल्याच्या खाड्याशेजारी माझी टिकमार्क, खाडा माझाही दिसतो, चालतं.

अजून एक युक्ती, एक मैत्रीण पकडा. आमच्याच बिल्डिंगमध्ये बी विंगला एक जण आहे, तिचा मुलगा माझ्या मुलीपेक्षा दोन महिन्यांनी मोठा. ती खाली उभी राहून मिस कॉल देते. ती खाली उभी आहे म्हटल्यावर मला जावंच लागतं, गाऊनवर जॅकेट घालून सुद्धा गेलेय. आणि चालताना जे बोलणं होतं ना, सासर-माहेर, बाळाची शी, पगार, सगळं, त्यासाठीच जास्त जावंसं वाटतं.

एक गोष्ट मात्र वेगळी धरा. कंटाळा येणं वेगळं, आणि दोन आठवडे झाले तरी कशातच मन लागत नाही, सारखं रडू येतं, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं, हे वेगळं. तिथे कोणी "जरा चालून ये, बरं वाटेल" म्हणालं तर ऐकू नका, डॉक्टरांशी बोला. टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. बापांनाही होतं हे.

शेवटी खंड पडण्याबद्दल, कारण तो पडणारच. लस झाली की एक-दोन दिवस ताप, मग सर्दी, मग सगळ्या घराला सर्दी, मग कोणाचं तरी लग्न. चार-पाच दिवसांचा खंड असेल तर होतं तिथूनच पुढे. दोन आठवड्यांच्या वर गेलं तर निम्म्यापासून सुरू करायचं, जुन्या जोमात गेलं की अंग दुखून परत बंद. आणि कपडे कपाटात ठेवू नका, मी ट्रॅकपॅंट आणि मोजे दाराशेजारच्या खुर्चीवरच ठेवते, आई ओरडतात पण ठेवते. सध्या ती खुर्ची नुसतीच भरलेली आहे, कारण गोवर-रुबेलाची लस आणि वरचे दोन दात एकाच आठवड्यात आलेत आणि घरात कोणीच झोपलेलं नाही. सोमवारपासून नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट आहे. साडेचार ते पाच, लिहून ठेवलंय.