जुने मोठे स्पीकर, नवं मशीन : या चुका टाळा

गणपती महिन्यावर आले की कोल्हापुरात शिवाजी पेठेपासून राजारामपुरीपर्यंत गोदामांची शटर वर जातात आणि मागच्या भिंतीला लावून ठेवलेले पंधरा-अठरा इंची स्पीकरचे जुने खोके बाहेर येतात. ऑर्केस्ट्रा किंवा लाइव्ह बँड असेल तर हे खोके आजही ऐकायला भारी. ढोलकीचा घुमारा आणि गायकाचा गळा ते ज्या मोकळेपणानं काढतात, तो नव्या बारक्या खोक्यांना सहज जमत नाही. पण म्हातारपणानं मेलेला स्पीकर क्वचितच बघायला मिळतो. बहुतेक मारलेले असतात, आणि तेही चुकीची पॉवर देऊन.

आधी वॅट विचारणं

दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती वॅटचं मशीन (अ‍ॅम्प्लिफायर) घेऊ?" खरं तर आधी विचारायचं ते स्पीकरची सेन्सिटिव्हिटी किती. म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात. हलका कागदी कोन (पुढचा हलणारा पडदा) आणि दांडगा मॅग्नेट असलेले जुने पंधरा इंची ९७ ते १०० डेसिबलच्या आसपास देतात. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, त्यामुळं १०० डेसिबलचा स्पीकर १०० वॅटमध्ये जिथं पोचतो, तिथं जायला ९४ डेसिबलवाल्याला ४०० वॅट लागतात. जुन्या खोक्याला मोठं मशीन जोडून कमावण्यासारखं फार नसतं. १०० चे २०० वॅट केले तर समोरच्या माणसाला फरक जेमतेम कळतो, स्पीकरच्या आतल्या तारेच्या कॉईलमधली उष्णता मात्र दुप्पट होते.

त्यात आकड्यांची गंमत. एकाच स्पीकरला कुणी १०० वॅट आरएमएस म्हणतं, कुणी २०० वॅट प्रोग्रॅम, कुणी ४०० वॅट पीक. तिन्ही एकच. आपण आरएमएसचाच, म्हणजे सतत झेलता येणारा आकडा धरायचा. आरएमएसच्या दुप्पट मशीन घ्या असं सांगितलं जातं, आणि नव्या स्पीकरला ते ठीकही आहे. तीस-चाळीस वर्षं जुन्या कॉईलचा गोंद कुठल्या अवस्थेत आहे कुणाला ठाऊक? तिथं आरएमएसइतकंच मशीन लावावं आणि लिमिटर (ठरल्या मर्यादेपुढं पॉवर जाऊ न देणारा) बसवावा, असं माझं मत. लिमिटरचं व्होल्टेज काढणं सोपं आहे : वॅट गुणिले ओहम (स्पीकरचा रोध), त्याचं वर्गमूळ. २०० वॅट, ८ ओहम असेल तर ४० व्होल्ट.

लहान मशीन पिळणं

"मशीन लहान होतं म्हणून स्पीकर जळला" हे अर्धंच खरं. लहान मशीन हळू वाजवलं तर कुणाचं काही बिघडत नाही. जळतो तो मशीन पिळल्यावर. २०० वॅटचं मशीन क्लिपच्या (मशीनची ताकद संपून लाटेचं टोक कापलं जातं त्या मर्यादेच्या) जरा खाली चालतं तेव्हा गाण्याची सरासरी पॉवर २० वॅटच्या आसपासच असते, कारण संगीतात उंच ठोका क्षणभरच येतो. क्लिपचा लाल दिवा सतत पेटत ठेवला की ही सरासरी चढत जाते, आणि लाट पार चौकोनी झाली तर त्याच मशीनमधून ४०० वॅटच्या जवळपास पॉवर बाहेर पडू शकते. शिवाय बेस छताला टेकलेला असतो, तो वाढत नाही. फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) वर ढकलला की वाढतात फक्त वरचे सूर. म्हणून आधी जातो तो वरचे सूर काढणाऱ्या हॉर्नच्या मागचा डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा.

दुसरा घोळ शेवटच्या अर्ध्या तासात होतो. उघड्यावर रात्री १० ला बंद करायचं असतं, म्हणून साडेनऊला सगळे जोरात येतात. तोवर कॉईल तापलेली असते. ती २०० अंशांनी तापली तर तांब्याचा रोध जवळजवळ पावणेदोन पट होतो आणि आवाज आपोआप बसतो. ऑपरेटरला वाटतं आवाज कमी पडतोय, तो आणखी देतो. इथं फेडर खाली घ्यायचा असतो, पण मंडळाचे कार्यकर्ते शेजारी उभे असताना ते कोण करणार?

ओहम न मोजता जोडणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा, मशीनपासून सुटलेल्या स्पीकरच्या दोन टर्मिनलांना लावा. ८ ओहमचा स्पीकर साडेपाच ते साडेसहा दाखवतो, १६ ओहमचा दहा ते बाराच्या दरम्यान, ४ ओहमचा तीन-साडेतीन. काहीच दाखवत नसेल तर कॉईल तुटली. मग कोनवर दोन्ही तळवे सारखे ठेवून हलकेच आत दाबा. खर्र असा आवाज आला तर कॉईल घासतेय, तो स्पीकर बाजूला काढा. मोजताना पूर्ण खोका मोजू नका, बेस आणि वरचे सूर वेगळे करणारा आतला पॅसिव्ह क्रॉसओव्हर आकडा बिघडवतो. एकेक युनिट सोडवून मोजा.

जेबीएल कंपनीच्या जुन्या स्पीकरच्या नावातलं शेवटचं अक्षरही बघा. २२२५ एच म्हणजे ८ ओहम, २२२५ जे म्हणजे १६. त्याआधीच्या अल्निको मॅग्नेटच्या काळात ८ ला ए आणि १६ ला बी असायचं.

८ ओहमचे दोन पॅरलल जोडले तर ४, चार जोडले तर २. ओहम जितके कमी, तितका मशीनवर ताण जास्त. मशीनच्या पाठीवर २ ओहम लिहिलेलं असलं तरी सप्टेंबरच्या दमट मंडपात तासन्‌तास तसं चालवू नये. ब्रिजमध्ये, म्हणजे दोन चॅनेल मिळून एकच खोका चालवताना, तर हिशेबच बदलतो. ८ ओहमचा खोका ब्रिजवर लावला की प्रत्येक चॅनेलला तो ४ ओहमचा वाटतो. ४ चा लावला तर २ चा. तिथंच मशीन वारंवार प्रोटेक्टमध्ये जातं, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतं, आणि मग शिव्या मशीनच्या कंपनीला.

प्लस-मायनस गृहीत धरणं

जुन्या जेबीएलमध्ये लाल टर्मिनलला प्लस दिला की कोन आत जातो. बहुतेक बाकीच्या कंपन्यांत तो बाहेर येतो. एका बाजूला जुना जेबीएल आणि दुसऱ्या बाजूला दुसरा कुठला पंधरा इंची लावला की दोघं एकमेकांचा बेस खातात. लोक मग मशीन बदलतात, इक्वलायझर ढकलतात, आणि बेस काही येत नाही. दीड व्होल्टचा सेल घ्या, क्षणभर टर्मिनलला टेकवा, कोन कुठं जातो ते बघून खडूनं बाण काढून ठेवा. हे फक्त मोठ्या कोनसाठी. हॉर्नच्या युनिटला सेल लावायचा नाही.

वायर आणि पिन

३० मीटर लांब, दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ४ ओहमच्या खोक्याला लावली तर जाऊन-येऊन पाऊण ओहमच्या जवळपास रोध होतो. २०० वॅटपैकी स्पीकरला पोचतात १४३. तीच ४ चौरस मिलिमीटरची असेल तर १७५ च्या आसपास. त्यापेक्षा चांगलं म्हणजे मशीन स्पीकरशेजारी ठेवा आणि मिक्सरपासूनची सिग्नल केबल लांब घ्या.

आणि ती दोन पिनची प्लग! घरच्या लाईटची पिन स्पीकरला लावायची सवय अजून गेलेली नाही. अंधारात, घाईत कुणीतरी ती बोर्डात खुपसतो आणि २३० व्होल्ट थेट कॉईलवर. स्पीकॉन (स्पीकरसाठीचा खास कनेक्टर) लावा. पैसे लागतात, पण एका रिकोनिंगपेक्षा (नवा कोन आणि कॉईल बसवण्यापेक्षा) कमीच.

लाईट आणि जनरेटर

साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या मशीनला २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर जास्तीत जास्त पॉवर जवळपास एकतृतीयांशानं घटते. म्हणजे २०० चं मशीन १३५ ला क्लिप व्हायला लागतं, आणि ऑपरेटर कालच्याच फेडरवर वाजवत असतो. कार्यक्रम चालू असताना मशीनशी व्होल्टेज मोजा. पाहुणे यायच्या आधी मोजून उपयोग नाही.

थ्री फेज जनरेटरवर न्यूट्रल ढिला पडला की हलका लोड असलेल्या फेजवर व्होल्टेज ३०० च्याही वर उडू शकतं, आणि त्या फेजवर बहुतेक वेळा मिक्सर असतो. न्यूट्रलचा बोल्ट स्वतः बघा, मगच मेन चालू करा. गुणगुण येते म्हणून अर्थिंगची पिन तोडणं हा तर जिवाशी खेळ आहे. गिटारवाल्याचा हात तारांवर आणि ओठ माइकच्या जाळीला असतात. गुणगुण घालवायची तर स्टेज आणि मिक्सरला एकाच ठिकाणाहून लाईट द्या आणि डीआय बॉक्सचं (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीचं) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नल केबलचं ग्राउंड तोडणारं बटण, वापरा.

लो कट (अगदी खालचे सूर कापणं) तेवढा विसरू नका. पोर्ट (हवेचं भोक) असलेला खोका ज्या सुराला जुळवलेला असतो, त्या ट्यूनिंगखाली कोनला हवेचा आधार राहत नाही, तो नुसता फडफडतो. ४० हर्ट्झच्या खालचं कापा, आणि गायकांच्या माइकचं १०० च्या खालचं.

बिघडलाच तर

वरचे सूर गायब आणि बेस चालू असेल तर आधी क्रॉसओव्हरमधला फ्यूज किंवा संरक्षणासाठी लावलेला दिवा बघा, मग डायफ्राम. आवाज येतोय-जातोय असेल तर बहुधा पिन, नाहीतर तापून बंद होणारं मशीन. पावसाळ्यात गोदामात राहिलेला कागदी कोन ओल धरतो. दोन दिवस कोरड्या हवेत ठेवून मग हळू आवाजात वाजवा.

उद्यमनगरात काय वाट्टेल ते करून मिळतं, हे कोल्हापूरचं सुख. पण मोटर रिवाइंड करणाऱ्याकडं व्हॉइस कॉईल देऊ नका, कॉईलच्या फटीत केसभर फरक चालत नाही. अल्निको मॅग्नेट तर कुणालाच उघडू देऊ नका. पोल पीस (मधला लोखंडी तुकडा) सुटला की मॅग्नेटची ताकद कमी होते, मग कॉईल कितीही चांगली बसवली तरी जुना आवाज येत नाही. आणि रिकोन करून आणलेला स्पीकर खोक्यात बसवण्याआधी पुन्हा मोजा. १६ ओहमच्या जागी ८ ची कॉईल बसवून येणं ही नेहमीची गोष्ट आहे.