डिसेंबरात गाडीने हिमाचलला निघताय? आधी टेम्परेचरचा काटा बघा

ठाण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा १६-१७ अंशांवर आला की कपाटातले स्वेटर बाहेर येतात, पण इंजिनाच्या लेखी ही थंडी नव्हेच. त्यामुळे इंजिन नीट तापत नाही हा बिघाड आपल्याकडच्या गाड्यांत वर्षानुवर्षे असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. आपली सगळी काळजी उलट्या बाजूची असते. मे महिन्यात कसारा चढताना गाडी गरम होईल का, घोडबंदरला गायमुखच्या चढावर तासभर अडकलो तर काय. डिसेंबर-जानेवारीत मनालीकडे निघणाऱ्यांनी मात्र तयारीची सुरुवात या न तापणाऱ्या इंजिनापासून करावी, तीही निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी. बॅगा आणि टोप्या-मोज्यांचं नंतर बघता येतं. इंजिनाच्या पार्टला कधी कधी आठवडाभर वाट बघावी लागते.

सगळ्यात आधी एवढं शोधून काढा: गाडीत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान सांभाळणारा वॉल, आहे का? तो चालतो का, हे पुढचं. गाडी जुनी असेल, किंवा सेकंडहँड घेतलेली असेल, तर ही शंका घ्यायलाच हवी. कारण उन्हाळ्यात गरम होण्याची तक्रार घेऊन गेलेल्या गाडीचा वॉल काढून टाकायची रीत अजून पुष्कळ गॅरेजांत आहे. "आपल्याकडे कुठे थंडी आहे साहेब, काढून टाकू, परत कधी गरम होणार नाही." मला हे साफ चुकीचं वाटतं, आणि त्याचं कारण नुसती हिमाचलची सहल नाही.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधलं दार. त्यात मेणाची एक छोटी कुपी असते. बहुतेक गाड्यांत कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, साधारण ८२ ते ८८ अंशांवर पोचलं की मेण वितळून फुगतं, दार उघडायला लागतं आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. तोवर ते इंजिनातल्या इंजिनातच फिरतं, म्हणून इंजिन लवकर तापतं. हे दारच काढलं, किंवा ते उघडं अडकून बसलं, की पहिल्या मिनिटापासून कूलंट रेडिएटरमधून गार होत राहतं. इंजिन अजून थंडच आहे असं समजून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतो, प्लग काळे होतात, आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी न भरताच वाढलेली दिसली आणि तिला पेट्रोलचा वास आला, तर समजून घ्या. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ साय दिसली तर तो बहुधा इंजिन पुरेसं न तापल्याने न उडालेला दमट वाफारा असतो. मात्र कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅसकेट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) तपासून घ्या. काही इंजिनांत तर वॉल काढल्यावर बायपासचा रस्ता कायमचा उघडा राहतो, बरंचसं कूलंट रेडिएटरला न शिवताच परत फिरतं, आणि जी गाडी गरम होऊ नये म्हणून हा उद्योग केला तीच उन्हाळ्यात गरम होते.

आता स्वतः करायची परीक्षा. ठाण्यातल्या रोजच्या रस्त्यावर ती होत नाही. कापूरबावडी ते माजिवड्याच्या रांगेत उभी गाडी कशीही तापते. समोरून वारा नसतो, काटा अर्ध्यावर येतो आणि सगळं ठीक वाटतं. त्यासाठी रिकामा, सलग रस्ता हवा. पहाटे वाशीहून पाम बीच रोडने बेलापूरकडे जा, किंवा ठाण्यातून पूर्व द्रुतगती मार्गाने विक्रोळीपर्यंत. एसी बंद, वेगमर्यादेच्या आत एकसारखा वेग. काटा अर्ध्यावर आला आणि तिथेच ठरला तर उत्तम. सिग्नलला चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी धावू लागली की खाली उतरतो, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा नाहीच, हे जवळपास नक्की. ज्या गाड्यांत काटाच नाही, फक्त इंजिन थंड असल्याचा निळा दिवा आहे, त्यांत तो दिवा विझायला किती वेळ लागतो आणि धावत्या गाडीत पुन्हा लागतो का, एवढं बघा. हल्लीच्या गाड्यांचा काटा बराच मुका असतो, ७५ अंश असो की १००, तो मध्यावरच उभा. म्हणून ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) लावून मोबाइलवर खरा आकडा बघता आला तर फार बरं. इंजिन लाइट लागून पी०१२८ हा कोड आला तर त्याचा अर्थच कूलंट हवं तेवढं तापत नाही, असा.

डोंगल नसेल तर हात आहेच. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करा, बॉनेट उघडा आणि इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा वरचा जाड होजपाइप धरून बघा. इंजिन तापत असताना बराच वेळ हा पाइप गार राहायला हवा, आणि मग काही क्षणांत एकदम गरम व्हायला हवा. पहिल्या दोन मिनिटांपासूनच तो हळूहळू कोमट होत गेला तर दार उघडं आहे. (थोड्या इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपकडे असतो, तिथे ही खूण चालत नाही, मेकॅनिकला विचारून घ्या.) पंख्यापासून हात आणि ओढणी लांब ठेवा, आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. गाडी थंड असतानाही पंखा सारखा फिरत असेल तर संशय टेम्परेचर सेन्सर, त्याची वायर किंवा रिले यांच्यावर घ्या.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तपासून बघायची माझी आवड आहे, आणि मेकॅनिकला सांगितलं तर तो सहसा नाही म्हणत नाही. थर्मोस्टॅटवरच उघडण्याचा अंश कोरलेला असतो. पाण्याच्या पातेल्यात दोऱ्याने टांगायचा, बाजूला थर्मामीटर, खाली गॅस मंद. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तबकडी हलकेच वर सरकताना दिसते. पाणी गार होऊ लागलं की ती पूर्ण बंद व्हायला हवी. जुना काढलेला वॉलही असाच टाकून बघा, म्हणजे पैसे कशासाठी गेले ते कळतं. गॅसकेट किंवा ओ-रिंग मात्र नवीच हवी.

सीएनजीवाल्यांनी हा भाग दोनदा वाचावा, कारण ठाणे-नवी मुंबईत त्यांची संख्या मोठी आहे. बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि कूलंट ठरावीक अंशाला आलं की गॅसवर जातात. इंजिन तापायला उशीर, तर गॅसवर जायलाही उशीर. शिवाय सिलिंडरमधला सुमारे २०० बारचा दाब रिड्यूसरमध्ये उतरतो तेव्हा गॅस भयंकर गार होतो, आणि तो रिड्यूसर गोठू नये म्हणून त्यात इंजिनाचं गरम कूलंटच फिरवलेलं असतं. कूलंट कोमट असेल तर रिड्यूसरवर दव, मग बर्फ धरतो आणि गाडी मिसिंग मारते. डोंगरात पंप कमी, म्हणून तसंही पेट्रोलवर चालवायची तयारी ठेवा आणि महिनोन्‌महिने टाकीत पडून असलेलं पेट्रोल निघण्याआधी संपवून ताजं भरा.

कूलंटच्या बाबतीत साधं पाणी किंवा सोसायटीच्या बोअरचं पाणी टाकलेली गाडी वर नेऊच नका. पाणी शून्याला गोठतं आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. रेडिएटर आणि ब्लॉक दोन्ही तडकू शकतात. एथिलीन ग्लायकॉलचं कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी निम्मं-निम्मं घेतलं तर ते उणे ३५ अंशांच्याही खाली टिकतं. अधिक चांगलं म्हणून नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतू नका, ते मिश्रणाच्या आधी, उणे १३ अंशांच्या आसपासच गोठायला लागतं. डबा रेडी-मिक्स आहे की कॉन्सन्ट्रेट, हे दुकानातच वाचून घ्या. कूलंट बदलल्यावर हवा नीट काढली नाही तर इंजिन तापूनही हीटर गारच फेकतो.

हीटर तर आपण विसरूनच गेलेलो असतो. नॉब लाल बाजूला फिरवून दहा मिनिटं गाडी चालवा. पायाशी चांगली ऊब यायला हवी. येत नसेल आणि काटा अर्ध्यावर असेल, तर फायरवॉलजवळचे, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळचे, हीटरचे दोन पाइप बघा: आतला हीटर कोअर गळत होता म्हणून कधीतरी ते एकमेकांना जोडून टाकलेलेही सापडतात. मनालीत पहाटे काचेवरची वाफ याच हीटरने जाते, तेव्हा ही चैन समजू नका.

बॅटरी चार वर्षांच्या पुढची असेल तर बदला. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली दिसली तरी बदलायच्या विचाराला लागा. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच. डिझेल गाडीचे ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारे प्लग, तपासा. बीएस ६ डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) इंजिन पूर्ण तापल्याशिवाय साफ होत नाही, म्हणजे तिथेही गोष्ट थर्मोस्टॅटवरच येते. मैदानी भागातलं डिझेल थंडीत मेणासारखं थिजून फिल्टर अडवतं, म्हणून वर पोचताना टाकीत डिझेल कमीच असू द्या आणि तिथल्याच पंपावर भरा. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं, ते याच कारणाने.

हे सगळं झालं की एखाद्या रविवारी नाशिकला जाऊन या. थंडीच्या लाटेत निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो. पहाटे तिकडे असाल तर आणखी चांगलं. परतताना कसारा घाटाच्या लांब उतारावर इंजिनावर जोर नसतो, वारा भरपूर असतो. तिथेही काटा हलला नाही तर गाडी तयार आहे.

मनालीच्या पहिल्या सकाळी सेल्फ मारून पंधरा मिनिटं गाडी उभी ठेवू नका, उभं इंजिन फार सावकाश तापतं. अर्धा-एक मिनिट थांबा, मग रेस न देता हळू निघा. बंद गॅरेजात किंवा सायलेन्सर बर्फात गाडला गेला असताना इंजिन सुरू ठेवणं जिवावर बेतू शकतं. अटल बोगद्यातून पलीकडे, सिस्सूच्या बाजूला बाहेर पडल्यावर काटा पुन्हा एकदा बघा. रेडिएटरसमोर पुठ्ठा लावायचा सल्ला कुणी देईल. वाटेत थर्मोस्टॅट गेलाच तर अर्धा रेडिएटर झाकून, काट्यावर नजर ठेवून, जवळच्या गॅरेजपर्यंत जाण्यापुरता तो ठीक आहे. चढ लागला की पुठ्ठा काढा. आणि एक जादा थर्मोस्टॅट, त्याची गॅसकेट आणि लिटरभर रेडी-मिक्स कूलंट ठाण्यातूनच डिकीत टाकून न्या, कारण तुमच्या मॉडेलचा पार्ट वरच्या गावात मिळेलच असं नाही.