अंडरग्रॅव्हल फिल्टरची सफाई: खडी धुवा, पण सगळी एकदम नको

माशांच्या टँकमधला अंडरग्रॅव्हल फिल्टर खडीखाली दबलेला असतो, म्हणून त्याची सफाई लांबणीवर पडत जाते. मग एक दिवस पाणी गढूळ दिसतं आणि सगळा टँक उपसला जातो. खडी नळाखाली चोळून धुतली जाते, टँक लख्ख होतो आणि पुढच्या आठवडाभरात मासे एकेक करून मरायला लागतात. या फिल्टरला अशी वर्षाकाठची मोठी धुलाई मानवत नाही. त्याला थोडीथोडी पण नेमाने केलेली सफाई लागते.

असं का, ते त्याच्या कामावरून कळतं. तळाशी भोकं असलेली प्लास्टिकची प्लेट, तिच्यावर खडीचा थर आणि कोपऱ्यात एक उभी नळी, एवढाच त्याचा संसार. नळीत एअर पंपाचे बुडबुडे वर चढतात, जाताना पाणीही वर नेतात आणि तितकंच पाणी खडीतून खाली झिरपत प्लेटखाली येतं. खडीच्या प्रत्येक दाण्यावर जिवाणूंचा पातळ थर असतो. माशांच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचं हे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी असं नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. क्लोरीन असलेल्या नळाच्या पाण्यात खडी धुतली, की त्यातली बरीच वाढ मरू शकते आणि टँक पुन्हा पहिल्या दिवसावर येऊ शकतो. फरक इतकाच, की आता त्यात मासे असतात.

नेहमीची सफाई

हे काम पाणी बदलतानाच उरकायचं. दर आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी टँकमधलं २० ते २५ टक्के पाणी बदला. मासे जास्त असतील तर आठवड्यालाच. लागणारं सामान थोडकं आहे: रुंद तोंडाचा ग्रॅव्हल सायफन (खडीतला गाळ पाण्याबरोबर ओढून काढणारी नळी), फक्त टँकसाठी ठेवलेली बादली आणि क्लोरीन घालवणारं औषध. साबणाला कधीही लागलेली बादली नको.

आधी हीटर आणि पंपाचे प्लग काढा. हीटर चालू राहिला आणि पाणी त्याच्या खाली उतरलं, तर काच तडकते. मग मनातल्या मनात खडीचे तीन भाग पाडा. आज डावा, पुढच्या वेळी मधला, त्यानंतर उजवा. विसरायला होत असेल तर टँकच्या मागच्या काचेवर बाहेरून छोटी खूण करा.

सायफनचं तोंड त्या भागात थेट प्लेटला टेकेपर्यंत खुपसा. नळी तोंडाने ओढू नका. सायफन पाण्यात पूर्ण बुडवून भरून घ्या, नळीचं टोक अंगठ्याने दाबून बादलीत सोडा आणि अंगठा काढा, प्रवाह सुरू होतो. आता नळीच्या आत नीट बघा. खडी वर उसळते, दाणे एकमेकांवर आपटतात, त्यांच्यातून तपकिरी गाळ सुटतो आणि पाण्याबरोबर वर निघून जातो. खडीच वर चढायला लागली तर नळी चिमटीत दाबा, दाणे खाली बसतात, गाळ तेवढा पुढे जातो. पाणी फिकं झालं की तोंड उचलून शेजारी खुपसा. ते काचेसारखं नितळ होईपर्यंत थांबायची गरज नाही.

वरवर सायफन फिरवला तर फक्त दर्शनी कचरा निघतो, आणि अंडरग्रॅव्हलचा गाळ खालच्या थरातच साठतो. म्हणून प्लेटपर्यंत जाणं महत्त्वाचं आहे. मोठे दगड आणि सजावटीच्या वस्तू दर वेळी उचला. सपाट बुडाच्या दगडाखालून पाणी झिरपत नाही आणि तिथेच घाण सडते.

नवं पाणी टँकच्या तापमानाच्या १-२ अंश आसपास आणा, त्यात क्लोरीन घालवणारं औषध मिसळा आणि हळू ओता. जिथे सफाई केली तिथे खडी सारखी करून घ्या. थर सगळीकडे ५ ते ७ सेंटिमीटर हवा. पाणी नेहमी सोपी वाट धरतं. एका कोपऱ्यात खडी पातळ झाली, की ते तिथूनच खाली जातं आणि बाकीचा फिल्टर बसून राहतो. खोदकाम करणारे सिक्लिड जातीचे मासे पाळले असतील तर हे रोज होतं, त्यांच्यासाठी हा फिल्टर मुळातच बरोबर नाही. खडीचे दाणे ३ ते ५ मिलिमीटरचे ठेवा. बारीक वाळू प्लेटची भोकं बुजवते.

प्लेटखालचा गाळ

कितीही नेमाने खडी साफ केली, तरी थोडा गाळ प्लेटच्या भोकांतून खाली उतरतोच. दोन-तीन महिन्यांतून एकदा तो काढावा लागतो, आणि त्यासाठी प्लेट उचलायची नाही. उभ्या नळीतला एअर स्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, बाहेर काढा. एअर पंपाची साधी बारीक नळी त्या उभ्या नळीतून अगदी खालपर्यंत सोडा आणि तिचाच सायफन करा. पहिल्यांदा काळपट पाणी येईल. नळी थोडी पुढेमागे, गोल फिरवत राहा. प्रवाह संथ असतो, ते बरंच आहे, कारण टँक फार रिकामा न होता बराच गाळ निघतो. दुसरा मार्ग म्हणजे उभ्या नळीच्या तोंडावर घट्ट बसेल असा पाइप लावून तिथूनच पाणी खेचायचं. मग सगळ्या प्लेटखालचं पाणी त्या एका वाटेने बाहेर पडतं.

त्याच वेळी एअर स्टोन तपासा. बुडबुडे मोठे आणि मोजके झाले असतील तर तो बदला, घासत बसू नका. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा हवेच्या नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारी झडप) बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात शिरतं.

फार दिवस राहून गेलं असेल तर

इथे घाई सगळ्यात महागात पडते. जिवाणूंच्या कामात पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, हळूहळू खर्च होते आणि दुर्लक्षित टँकचा पीएच घसरत जातो. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया कमी घातक अशा अमोनियम रूपात असतो, म्हणून मासे तगलेले दिसतात. अशा टँकमध्ये एकदम अर्धं नवं पाणी ओतलं, की पीएच वर उडी मारतो आणि तोच साठा पुन्हा विषारी होतो. म्हणून आधी टेस्ट किटने अमोनिया, नायट्राइट आणि पीएच बघा. मग दर एक-दोन दिवसांनी १० टक्केच पाणी बदला आणि प्रत्येक वेळी खडीचा ओंजळभर जागेएवढाच तुकडा साफ करा. खडीतून सडक्या अंड्यासारखा वास आला तर तिथे प्राणवायूविना सडण सुरू झाली आहे. तो भाग मध्येच ढवळून सोडू नका, सायफन लावूनच घाण थेट बाहेर काढा. या दिवसांत खाद्य निम्मं करा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले, की नेहमीच्या सफाईचा क्रम धरा.

प्लेट फुटली किंवा मुळांनी जाम झाली, तरच सगळा टँक उपसा. तेव्हा मासे टँकच्याच पाण्यात वेगळे ठेवा, त्यांना हवा द्या आणि खडी त्याच पाण्याच्या बादलीत हलकेच खळबळा. खडी वाळू देऊ नका.

हातावर जखम असेल तर हातमोजे घाला. टँकच्या पाण्यातल्या काही जिवाणूंमुळे त्वचेला चिवट संसर्ग होऊ शकतो.

आणि वीज बराच वेळ गेली, तर ती आल्याबरोबर पंप लावू नका. कित्येक तास थांबलेल्या फिल्टरमध्ये प्लेटखालच्या पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो, आणि पंप लावला की तेच पाणी वर माशांच्या अंगावर येतं. आधी उभ्या नळीतून सायफनने बादलीभर पाणी काढून टाका, तितकं ताजं पाणी घाला आणि मग हवा सुरू करा.