एडीएचडी आणि सवयी: या चुका टाळा

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणारी मेंदूची जडणघडण, असलेल्या मोठ्या माणसांबरोबर मी समुपदेशक म्हणून काम करते. गुढीपाडव्याला केलेले संकल्प मोडले की माणसं येतात आणि बहुतेकांनी स्वतःवर आळशीपणाचा शिक्का आधीच मारून घेतलेला असतो. लहानपणापासून घरात, शाळेत ‘मनावर घेत नाहीस’ हे इतक्यांदा ऐकलेलं असतं की तेच खरं वाटू लागतं. ते खरं नाही. रसेल बार्कली हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कितीतरी वर्षं सांगत आले आहेत, की एडीएचडीवाल्याला काय करायचं ते माहीत असतं. माहीत असलेलं त्या वेळी, त्या जागी हातून होत नाही, अडचण तिथे आहे. म्हणून आणखी उपदेश, आणखी पुस्तकं, आणखी व्हिडिओ यांनी काही हलत नाही. हलवायचं असतं ते घरातलं सामान, कामाची जागा आणि सोबतची माणसं.

सगळं एकाच दिवशी सुरू करणं

ही चूक मी सर्वांत जास्त पाहते आणि तिने केलेलं नुकसानही सर्वांत मोठं असतं.

सीए फायनलची तयारी करणारा एक मुलगा माझ्याकडे यायचा. हुशार, विषयाची समज पक्की, पण अभ्यासाला बसणं जमत नव्हतं. पाडव्याच्या आदल्या रात्री त्याने मोठ्या कार्डशीटवर वेळापत्रक केलं. पहाटे पाचला उठणं, सूर्यनमस्कार, गार पाण्याने आंघोळ, सलग तीन तास अभ्यास, साखर बंद, मोबाइल बंद, रात्री डायरी. पहिला आठवडा त्याने ते सगळं अक्षरशः पाळलं. घरचे खूश, आई शेजाऱ्यांना सांगत सुटली. मग मावसबहिणीच्या लग्नाला तीन दिवस कोल्हापूरला जावं लागलं. परत आल्यावर पहाटेचा गजर वाजला आणि त्याने तो बंद केला. त्या दिवशी सूर्यनमस्कार राहिले, म्हणून अभ्यासाला बसला नाही; अभ्यास झाला नाही, म्हणून डायरी उघडली नाही. वेळापत्रक भिंतीवरच राहिलं. येता-जाता ते दिसायचं, म्हणून तो त्या खोलीत जाणंच टाळू लागला. माझ्याकडे येणंही थांबलं. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख गेली ती याच काळात.

त्याचा निश्चय कमी पडला नव्हता. एडीएचडीच्या मेंदूला नवेपणाने जोर येतो आणि आठवडाभर त्या जोरावर डोंगरही चढता येतो. नवेपण संपलं की तोच डोंगर रोज फक्त इच्छेच्या बळावर चढावा लागतो. त्यात सगळ्या सवयी एकमेकींना बांधलेल्या असल्या, की एक सुटताच बाकीच्या पाठोपाठ सुटतात.

तो पुन्हा आला तेव्हा आम्ही एकच गोष्ट ठरवली. रात्री झोपण्यापूर्वी जेवणाच्या टेबलावर पुस्तक उद्याच्या पानावर उघडं ठेवायचं, वर पेन्सिल. बस. सकाळी चहा त्याच टेबलावर. त्याला हे फारच किरकोळ वाटलं, जवळजवळ अपमान वाटला. पण पान उघडं दिसलं की डोळे त्यावर जातात आणि बसलेला माणूस दोन ओळी वाचतोच. काही आठवड्यांनी त्याने स्वतःहून घराजवळची अभ्यासिका लावली. आजूबाजूला माणसं वाचत बसलेली असली की एडीएचडीवालाही टिकून बसतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. पुण्यात पेठापेठांतून अभ्यासिका आहेत. घरी एकट्याने बसण्याचा हट्ट सोडा, तिथे जा.

आणि पहिल्याच दिवशी खंडाचा विचार करा. लग्न, आजारपण, गणपती, दिवाळी यांत घडी मोडणारच. ‘परत आल्यावर पहिलं काय करायचं’ हे एका ओळीत लिहून टेबलाजवळ चिकटवा. त्या मुलाच्या चिठ्ठीवर एवढंच होतं: ‘फक्त पान उघड.’

वाईट सवय नुसती ‘सोडणं’

रात्रीचा मोबाइल घ्या. दिवसभर या माणसांनी स्वतःला धरून-बांधून कामाला बसवलेलं असतं. रात्री साडेअकराला घर शांत होतं आणि मेंदू काहीतरी चमचमीत मागतो. शिवाय एडीएचडी असलेल्या पुष्कळ जणांचं झोपेचं घड्याळ मुळातच उशिरा चालतं. अशा वेळी ‘उद्यापासून मोबाइल बंद’ म्हणणं म्हणजे भुकेल्यासमोरचं ताट उचलून नेणं. मोबाइल जी भूक भागवत होता तिचं काय, याचं उत्तर आधी हवं.

मी सगळ्यांना एकाच क्रमाने करायला लावते. चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर, शक्यतो स्वयंपाकघरात. गजरासाठी साधं घड्याळ. मग हाताला दुसरं काहीतरी: विणकाम, शब्दकोडं, हलक्या आवाजात रेडिओ. ज्या ॲपमध्ये वेळ जातो त्यातून दरवेळी लॉगआउट व्हायचं आणि पासवर्ड लांबलचक ठेवायचा. तो टाइप करायला लागणारा अर्धा मिनिट हाताला थांबवतो. ‘मी हे का उघडतोय?’ हा प्रश्न त्या अर्ध्या मिनिटात सुचतो, एरवी सुचत नाही.

‘डोपामाइन डिटॉक्स’, म्हणजे दोन-चार दिवस सगळी करमणूक बंद ठेवून मेंदू ‘साफ’ करण्याचा उपाय, विकणाऱ्यांवर माझा राग आहे. डोपामाइन हे मेंदूतलं एक रसायन आहे, विष नाही. हालचालीपासून हुरूप येण्यापर्यंत शरीराला ते लागतं आणि ते धुऊन काढता येत नाही. शनिवार-रविवार भिंतीकडे बघत बसलेली माणसं सोमवारी दुप्पट वेळ मोबाइलवर असतात आणि वर अपराधीपणा घेऊन माझ्यासमोर बसतात.

२१ दिवसांवर विश्वास ठेवणं

मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं, की रुग्णाला आपला बदललेला चेहरा अंगवळणी पडायला निदान २१ दिवस लागतात. त्यातलं ‘निदान’ गळालं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी साध्या रोजच्या सवयींचा अभ्यास केला तेव्हा मध्यक ६६ दिवस निघाला, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त दिवस लागले, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. हा अभ्यास काही एडीएचडीवाल्यांपुरता नव्हता, सर्वसाधारण माणसांचा होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा सलग दिवस मोजून आगीचं चिन्ह दाखवणारी ॲप काढून टाका. साखळी तुटली की ती माणसालाही तोडतात.

सवयीची गरज नसलेल्या गोष्टींची सवय लावणं

महावितरणचं बिल, मोबाइलचं बिल, विम्याचा हप्ता, एसआयपी: ऑटोपे लावा आणि विसरा. शिस्त मर्यादित आहे, ती इथे खर्च करू नका.

वस्तू नीट कपाटात ठेवणं

जे डोळ्यांआड, ते नाहीच. किल्ल्या दाराच्या आतल्या खिळ्याला, गोळ्यांची डबी चहाच्या डब्याला लागून. घर नीटनेटकं दिसत नाही म्हणून घरच्यांनी ती उचलून ठेवू नये, एवढी विनंती.

दिवसभर दहा गजर

तिसऱ्यापासून कान ते ऐकत नाहीत. एकच लावा, आणि त्याला ‘ऊठ’ असं नाव न देता ‘चप्पल घाल, खाली जा’ असं द्या.

दुसऱ्याची गोळी घेऊन बघणं

हे मुळीच करू नका. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि एक प्रत औषधवाला ठेवून घेतो. ही कडक व्यवस्था उगाच नाही. रक्तदाब, हृदयाची गती, झोप, भूक या सगळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं. आणि ज्यांना औषध लागू पडतं त्यांनाही टेबलावरचं पुस्तक स्वतःच उघडावं लागतं. औषधाने तो क्षण सोपा होतो, सवय आपोआप लागत नाही.

रील पाहून निदान करणं

अपुरी झोप, थायरॉइड, नैराश्य, चिंता यांतही लक्ष उडतं. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकातल्या निकषांनुसार लक्षणांची सुरुवात वयाच्या बाराव्या वर्षाआधीची असावी लागते, म्हणून डॉक्टर बालपणाबद्दल विचारतातच. पहिल्या भेटीला जाताना आईच्या कपाटातून प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तकं शोधून बरोबर न्या. मार्कांपेक्षा शेऱ्याचा रकाना उपयोगी पडतो: ‘वर्गात लक्ष नसते’, ‘वह्या अपूर्ण’, ‘बडबड करतो’. मुलींच्या प्रगतिपुस्तकात बहुतेकदा ‘स्वप्नाळू’ एवढंच असतं, तेही दाखवा. ती मिळाली नाहीत तर आईला किंवा मोठ्या भावंडाला सोबत घेऊन जा, त्यांना तुमच्या हरवलेल्या डब्यांचा आणि छत्र्यांचा हिशेब तोंडपाठ असतो.