जुन्या दिवाणी दाव्यांतून घराण्याचा इतिहास कसा शोधावा : वऱ्हाड आणि नागपूर भागातील वाचकांसाठी

विदर्भातील खेड्यांत पूर्वजांचा शोध बहुधा जातीच्या दाखल्याच्या निमित्ताने सुरू होतो आणि कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल हाती पडली की थांबतो. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या दाखल्यासाठी ठरलेल्या तारखांपूर्वीचा एखादा पुरावा सापडला की कागदांचे बासन पुन्हा बांधून ठेवले जाते. या नोंदींतून नाव, जात, गाव आणि वर्ष कळते. पण कोण कोणाचा सख्खा आणि कोण चुलत, घर केव्हा विभक्त झाले, दत्तक कोणाला घेतले, कोणत्या विधवेने पोटगी मागितली, हे त्यांत क्वचितच असते. ते दिवाणी न्यायालयाच्या निकाली निघालेल्या मुकदम्यांत असते. वाटपाच्या एका जुन्या दाव्यात तीन-चार पिढ्यांचा कुर्सीनामा, म्हणजे वंशावळ, मिळू शकतो, आणि म्हणूनच ज्याला घराण्याचा इतिहास मनापासून हवा आहे त्याने न्यायालयाच्या अभिलेख कक्षापर्यंत जावे असे माझे ठाम मत आहे.

शोध आडनावावरून सुरू करू नये. तो गावावरून आणि त्या गावाच्या कारभाराच्या इतिहासावरून सुरू करावा. वऱ्हाड 1853 च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, तर नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा होऊन त्याचा मुलूख 1861 मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात गेला. त्यामुळे अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलडाण्याकडील कागद रयतवारी पद्धतीचे, आणि नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या भागांतील कागद मालगुजारी पद्धतीचे आहेत. पहिल्या प्रकारात शेतकरी थेट खातेदार म्हणून सापडतो. दुसऱ्यात तो मालगुजाराच्या गावातील कूळ म्हणून शोधावा लागतो.

जिल्ह्यांच्या हद्दी बदलल्याने दिशाभूल होते. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, आणि बासिम, म्हणजे वाशीम, हे 1905 पर्यंत स्वतंत्र जिल्हे होते. त्याच वर्षी वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले, पुसद तालुका त्याला जोडला गेला आणि मूर्तिजापूर अमरावतीतून अकोल्याकडे गेले. पुढे 1982 मध्ये गडचिरोली, 1998 मध्ये पुन्हा वाशीम आणि 1999 मध्ये गोंदिया वेगळे झाले. पुसदच्या एखाद्या कुटुंबाचा 1890 च्या सुमाराचा दावा यवतमाळच्या नावाने शोधून सापडणार नाही. गावाचे नाव लिहिताना मौजा, परगणा, खुर्द किंवा बुद्रुक हे सर्व लिहावे, कारण एकाच नावाची गावे एकाच तालुक्यातही असतात, आणि उजाड झालेली रिठी गावे आज फक्त कागदावरच उरली आहेत.

यानंतर घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. त्यांना केवळ पूर्वजांची नावे विचारून फारसे हाती लागत नाही. कोणत्या वावरावरून कज्जा झाला होता, तो कोणाशी झाला होता आणि त्यासाठी कोणत्या गावी पेशीला जावे लागत असे, असे विचारावे. नाव विसरले तरी कज्जा कोणी विसरत नाही. वावराची ओळख पटली की त्याचा जुना सर्व्हे नंबर किंवा नागपूरकडील खसरा नंबर शोधावा. गट नंबर पडले असल्यास जुन्या आणि नव्या क्रमांकांचा मेळ घालणारे पत्रक तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मागावे.

आता सातबाऱ्यावरून मागे जात फेरफार नोंदी, म्हणजे जमिनीवरील हक्क बदलल्याच्या नोंदी, वाचाव्यात. गाव नमुना 6 मधील फेरफार हा या सर्व शोधाचा सांधा आहे, कारण जमीन न्यायालयाच्या हुकूमनाम्याने (डिक्रीने) एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली असेल तर त्या नोंदीत बहुधा दाव्याचा क्रमांक, वर्ष आणि न्यायालयाचे ठिकाण लिहिलेले असते. पटवाऱ्याकडे जुने फेरफार नसल्यास ते तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात पाहावे. तेथेच 1954-55 चा अधिकार अभिलेख, जुनी पेरेपत्रके (पिकांच्या नोंदी), बंदोबस्ताच्या, म्हणजे सारा आकारणीच्या, मिसली आणि जन्ममृत्यूची कोतवाल बुके मागता येतात. कुणबी नोंदींच्या शोधासाठी 2023 पासून जी मोहीम झाली, तिच्यातील तपासलेल्या नोंदींच्या प्रती अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवलेल्या आहेत. तुमचे घराणे कोणत्याही जातीचे असले तरी गावाच्या जुन्या नोंदी कोणत्या वर्षापासून उपलब्ध आहेत हे तेथून समजते.

दावा क्रमांक हाती आला की न्यायालयाकडे वळावे. तालुक्याची अनेक दिवाणी न्यायालये अलीकडच्या काळात स्थापन झाली आहेत, म्हणून जुना मुकदमा आजच्या तालुक्याच्या न्यायालयात नसून जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात असण्याचा संभव अधिक असतो. एकोणिसाव्या शतकात महसुली अधिकाऱ्यांकडे दिवाणी अधिकारही असत, त्यामुळे त्या काळातील काही कागद जिल्हाधिकारी कार्यालयाच्या दप्तरात असू शकतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकरणाला दिलेल्या 16 अंकाक्षरांच्या सीएनआर क्रमांकाने मिळणारी माहिती मुख्यतः अलीकडच्या प्रकरणांची असते, आणि स्वातंत्र्यपूर्व दाव्यासाठी तिच्यावर विसंबून राहू नये. क्रमांक माहीत नसेल तर वर्ष आणि पक्षकारांची नावे देऊन त्या वर्षाची दावा नोंदवही पाहू देण्याची विनंती लेखी करावी.

नक्कल मागण्याचा अर्ज नक्कल विभागाकडे द्यायचा असतो. तुम्ही मूळ दाव्यात पक्षकार नसल्यामुळे कागद कशासाठी हवे आहेत आणि पक्षकाराशी तुमचे नाते काय, हे अर्जात स्पष्ट लिहून सोबत प्रतिज्ञापत्र जोडावे. पुष्कळ लोक येथे माहितीच्या अधिकाराचा अर्ज करतात; परंतु न्यायिक अभिलेखाच्या नकला उच्च न्यायालयाच्या नियमांनुसारच मागाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये स्पष्ट केले आहे, म्हणून त्या मार्गाने वेळ दवडू नये. निकाली मुकदम्यांतील सर्व कागद कायम ठेवले जात नाहीत. समन्स, मुदतीचे अर्ज यांसारखे कागद आधी नष्ट होतात, तर निकालपत्र आणि हुकूमनामा अधिक काळ जपला जातो. म्हणून मुकदमा नष्ट झाला असे उत्तर मिळाल्यास निकालपत्र, हुकूमनामा आणि नोंदवहीतील नोंद यांच्यासाठी वेगळा अर्ज करावा.

दावा अपिलात गेला असेल तर आणखी एक दार उघडते. नागपूरचे उच्च न्यायालय 1936 मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वी तेथे ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय होते आणि 1956 नंतर मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आले. या न्यायालयांचे महत्त्वाचे निकाल छापील निकालसंग्रहांत पक्षकारांच्या नावांनिशी प्रसिद्ध होत असत आणि जिल्ह्याच्या वकील संघाच्या ग्रंथालयात त्यांचे जुने बांधीव खंड मिळू शकतात. दत्तकाच्या किंवा वारसाच्या वादातील निकालात आरंभीच वंशावळ छापलेली आढळते.

मुकदमा हाती आल्यावर तो कसा वाचावा, हा खरा अभ्यासाचा भाग आहे. वादीचा अर्जदावा म्हणजे एका बाजूचे म्हणणे असते. एखाद्या भावाचा वंश खुंटला असे दाखवणे वादीच्या हिताचे असेल तर तो तसे लिहितो, आणि प्रतिवादी आपल्या कैफियतीत (लेखी उत्तरात) त्याच भावाला दत्तक मुलगा होता असे सांगतो. म्हणून अर्जदाव्यातील कुर्सीनामा सरळ आपल्या वहीत उतरवू नये. तो कैफियतीशी, साक्षीदारांच्या जबान्यांशी आणि शेवटी न्यायाधीशांनी काढलेल्या मुद्द्यांवरील निष्कर्षाशी ताडून पाहावा. दोन्ही पक्षांनी मान्य केलेले नाते सर्वांत भरवशाचे समजावे. जबान्यांकडे मात्र केवळ पुरावा म्हणून पाहू नये. गावच्या पाटलाने, महाराने, न्हाव्याने, शेजारच्या कास्तकाराने दिलेल्या साक्षीत लग्न कोठे झाले, मयत कोणी केली, चूल केव्हा वेगळी झाली, कोणत्या दुष्काळात कोण गाव सोडून गेले, हे त्यांच्याच शब्दांच्या जवळ जाणाऱ्या भाषेत लिहिलेले असते, आणि ज्यांच्या नावावर इंचभर जमीन नव्हती अशा माणसांचा आवाजही तेथे टिकलेला असतो.

बायकांच्या बाबतीत या कागदांचे मोल मला सर्वाधिक वाटते. जुन्या सातबाऱ्यावर पणजीचे नाव शोधून सापडत नाही, आणि वंशवृक्षात तर मुलींच्या फांद्याच काढलेल्या नसतात. परंतु 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापूर्वीच्या काळात विधवांनी केलेले पोटगीचे दावे, विधवेने घेतलेल्या दत्तकाला दिरांनी दिलेली आव्हाने आणि 1937 च्या कायद्याने विधवेला मिळालेल्या मर्यादित हक्कावरून झालेले वाद यांत त्यांचे माहेरचे गाव, वडिलांचे नाव, लग्नाची की पाटाची बायको हा तपशील, मुलींची नावे आणि त्या कोठे दिल्या हे सगळे मिळू शकते. वंशवृक्ष काढताना ही नावे मुलांच्या नावांइतक्याच ठळकपणे लिहावीत.

न्यायालयाच्या जोडीला दुय्यम निबंधकाचे कार्यालय पाहावे. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार स्थावर मालमत्तेच्या दस्तांचे पुस्तक क्रमांक 1 आणि त्याची सूची शुल्क भरून कोणालाही पाहता येते. पुस्तक क्रमांक 3 मध्ये मृत्युपत्रे आणि दत्तक घेण्याची अधिकारपत्रे असतात, व ती करून देणारा मयत झाल्यावर अर्जदाराला त्यांच्या नकला मिळू शकतात. अप्पर वर्धा किंवा गोसीखुर्दसारख्या धरणांखाली गाव गेले असल्यास भूसंपादनाचे निवाडे अवश्य मागावेत, कारण मोबदला वाटण्यासाठी त्यांत वारसांची नावे तपशिलाने घेतलेली असतात. कापसाच्या पट्ट्यातील कर्जबाजारी घरांसाठी 1933 च्या कर्ज समझोता कायद्याखालील प्रकरणेही उपयोगी पडतात.

जुने कागद मोडीत असतील तर मोडी जाणणाऱ्याकडून पूर्ण लिप्यंतर करून घ्यावे. केवळ आपल्या नावापुरती ओळ वाचून घेऊ नये. वऱ्हाडातील फसली सनात, म्हणजे जुन्या महसुली वर्षात, 590 मिळवले की इसवी सन येतो आणि त्या वर्षाच्या उत्तर भागासाठी 591 मिळवावे लागतात, म्हणजे फसली 1290 हे वर्ष 1880-81 ठरते. शकाच्या वर्षात 78 मिळवावेत आणि वर्षअखेरच्या महिन्यांसाठी 79 धरावेत. वऱ्हाडच्या 1853 पूर्वीच्या काळासाठी हैदराबादच्या पुराभिलेखागारातील फारसी दप्तराकडे जावे लागते. प्रांतिक सचिवालयाचे कागद महाराष्ट्र शासनाच्या नागपूर येथील पुराभिलेखागारात पाहता येतात.

भाटांच्या वह्या आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या नामावळ्या हा निराळा विषय आहे. त्यांतून पिढ्यांचा क्रम मिळतो, पण तो न्यायालयाच्या आणि महसुलाच्या कागदांशी जुळवल्याशिवाय पक्का धरू नये.

प्रत्येक नक्कल मिळाल्याच्या दिवशीच तिच्या पाठीवर न लिहिता वेगळ्या कागदावर कार्यालयाचे नाव, दावा क्रमांक व वर्ष, पान क्रमांक आणि नक्कल मिळाल्याची तारीख लिहून तो कागद नकलेला जोडावा, आणि वंशवृक्षातील प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कागदावरून घेतले याची खूण करावी. दोन कागद परस्परविरुद्ध बोलत असतील तर एकाची निवड करून दुसरा खोडू नये; दोन्ही नोंदी ठेवाव्यात. व्यभिचार, अनौरस संतती किंवा बहिष्कार यांविषयीचे आरोप दाव्यांत सर्रास केलेले असतात, आणि त्यांतील कुटुंबांचे वारस आजही त्याच गावात राहतात. म्हणून असा मजकूर सोयऱ्याधायऱ्यांत वाटण्यापूर्वी न्यायालयाने तो आरोप सिद्ध मानला की फेटाळला हे निकालपत्रात पाहावे, आणि फेटाळला असल्यास तेही त्याच ओळीत लिहावे.