रविवारच्या टिपणात दुसरी वाट लिहा

नागपुरात धरमपेठेतल्या एका छोट्या शेअर ब्रोकरच्या ऑफिसात मी २०२४च्या उन्हाळ्यात लागलो. दर रविवारी ग्राहकांसाठी पुढच्या आठवड्याच्या बाजाराचं टिपण लिहायचं, हे माझं काम. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी माझा एकच आठवडा सांगतो.

३१ मे, शुक्रवार. निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या शेअरांचा निर्देशांक, २२,५३० वर बंद झाला आणि संध्याकाळी जीडीपीचा आकडा आला, वर्षाची वाढ ८.२ टक्के. शनिवारी लोकसभा निवडणुकीचे एक्झिट पोल आले. रविवारी मी लिहिलं, तेजी कायम राहील. सोमवारी निफ्टी २३,२६३ वर गेला, तेव्हा मला फार बरं वाटलं. मंगळवारी, ४ जूनला, मतमोजणीत बहुमताचं चित्र एक्झिट पोलपेक्षा वेगळं दिसलं आणि निफ्टी जवळपास सहा टक्के पडून २१,८८४ वर बंद झाला. दुपारी वेकोलि या सरकारी कोळसा कंपनीतून निवृत्त झालेल्या एका काकांचा फोन आला. "बेटा, तू तर तेजी लिहिली होती ना? आता काय करू, विकून टाकू काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी सगळं विकलं.

शुक्रवारी रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ६.५ टक्क्यांवरच ठेवला, वाढीचा अंदाज ७ वरून ७.२ टक्के केला. सरकारचं गणितही तोवर जुळलं होतं. निफ्टी २३,२९० वर, म्हणजे सोमवारच्याही वर. माझा अंदाज खरा ठरला होता, आणि तो वाचणाऱ्या माणसाचं नुकसान झालं होतं. हे मला आजही बोचतं.

तेव्हापासून मी आधी तारखा मांडतो. महागाईचा आकडा साधारण १२ तारखेला येतो. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण दर दोन महिन्यांनी. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, फेडचा, व्याजदराचा निर्णय आपल्याकडे रात्री साडेअकराला, हिवाळ्यात साडेबाराला कळतो, म्हणून त्याचा पहिला धक्का दुसऱ्या दिवशी सव्वानऊला बाजार उघडताच बसतो. मग प्रत्येक तारखेपुढे बाजार काय धरून चालला आहे ते लिहितो. हा रकाना भरायलाच खरा वेळ जातो, कारण भाव आकड्याने हलत नाही, आकडा आणि अपेक्षा यांतल्या फरकाने हलतो. ४ जूनला सरकार आधीच्याच आघाडीचं येत होतं. पण सोमवारच्या भावात त्याहून मोठा विजय आधीच मोजलेला होता. शेवटी दुसरी वाट: अपेक्षा चुकली तर काय होईल, आणि ज्याला वर्षभर पैसे लागणार नाहीत त्याने त्या दिवशी काय करू नये.

परकी संस्थांची खरेदी-विक्री, कच्चं तेल, रुपया हेही बघावं, पण दोन ओळींत. आणि एक कायद्याची बाब: मोबदला घेऊन अमुक शेअर घ्या असं सांगायचं तर सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, रिसर्च अ‍ॅनालिस्ट म्हणून नोंदणी लागते. त्यासाठीची एनआयएसएम या सेबीच्याच प्रशिक्षण संस्थेची परीक्षा लवकर देऊन टाका.

काका अजून आमचे ग्राहक आहेत. टिपण पाठवण्याआधी मी ते फोनवर त्यांना वाचून दाखवतो. "थांब बेटा, हे पुन्हा सांग" असं ते जिथे म्हणतात, ते वाक्य मी बदलतो.