दिवाळी अंकाचं लेआउट लावताना: आधी वेलांट्यांना जागा द्या

कॉलेजात आम्हाला ग्रिड, म्हणजे पानावर मजकूर बसवायची अदृश्य चौकट, शिकवतात ती इंग्रजी मजकुरावर. तीच ग्रिड उचलून मराठी अंकाला लावली की पान गुदमरतं. मी सध्या एका छोट्या दिवाळी अंकाचं लेआउट आणि लोगो करतेय, त्यातून जे हाताला लागलं ते ज्युनिअर्ससाठी लिहून ठेवतेय.

फाइल उघडण्याआधी प्रेसमध्ये फोन करा. अंकाचा आकार, कागद, बाइंडिंग विचारून घ्या. फॉर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडली जाणारी पानं) सोळा पानांचा असेल तर 'एवढं एकच पान वाढवू' हे संपादकांचं लाडकं वाक्य तिथल्या तिथे थांबवता येतं.

मजकूर युनिकोडमध्येच मागा. तरी कुणीतरी श्रीलिपीतली, म्हणजे युनिकोडआधीच्या जुन्या फाँटमधली, फाइल पाठवतंच. ती कन्व्हर्ट केल्यावर रफार आणि 'दुसऱ्या', 'सुऱ्या'मधला ऱ्य डोळ्यांत तेल घालून तपासा, गडबड हमखास तिथे होते. लेआउटच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर हा पर्याय निवडा, नाहीतर 'कि'ची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. भाषाही 'मराठी' करा. ज्या फाँटमध्ये सोय असते त्यात ल आणि श लगेच मराठी वळणाचे होतात. हिंदी वळणाचा ल वाचकाला सांगता येत नाही, पण खटकतो.

आता मुख्य गोष्ट. लीडिंग म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर. ऑटो लीडिंग फाँटच्या आकाराच्या 120 टक्के असतं, म्हणजे 11 पॉइंटला 13.2. इंग्रजीला ते चालून जातं. मराठीत मात्र वरच्या ओळीतल्या 'ट्रू'चा ऊकार खालच्या ओळीतल्या 'र्की'च्या डोक्यावर आदळतो. मी मुक्ता फाँट 11 पॉइंटला घेऊन लीडिंग 16.5 ठेवलं. पानं वाढली, संपादक कुरकुरले, पण प्रिंट हातात दिल्यावर गप्प बसले. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, शून्यच ठेवा. जरा ताणलं की शिरोरेषा तुटून दात पडल्यासारखी दिसते. अरुंद कॉलमला जस्टिफाय (दोन्ही कडा सरळ) करू नका, शब्दांमध्ये खिंडारं पडतात. कवितांना तर अजिबातच नको.

मजकुराचा काळा म्हणजे फक्त के 100, छपाईच्या चार शाईंपैकी एकटी काळी. चार रंगांचा काळा बारीक अक्षरांना लावला आणि छपाईत रंग किंचित सरकले, की सगळं धूसर. फोटो छापायच्या आकारात 300 डीपीआय, ब्लीड (कापणीसाठी पानाबाहेर वाढवलेली कड) 3 मिमी. हे सगळ्यांना माहीत असतं.

लोगोसाठी संगणक बंद ठेवा. अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची शीर्षकं समोर घेऊन बसा आणि नावाचा आशय अक्षराच्या वळणात कसा उतरलाय ते बघा. मग पेन्सिल. आमच्या अंकाच्या नावात दोन दीर्घ वेलांट्या शेजारीशेजारी होत्या. दोन्ही सारख्या काढल्या की शिंगं दिसायची. शेवटी पहिलीची कमान लांबवून दुसरीवर छत्रीसारखी नेली आणि दुसरी लहान ठेवली. शिरोरेषा काढून टाकायचा मोह प्रत्येकाला होतो. काढा, पण मग 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' अनोळखी माणसाला वेगळे वाचता येतात का ते बघा. लोगो एकाच रंगात आणि अंकाच्या कण्यावर मावेल इतका बारीक करूनही पाहा.

प्रेसला पीडीएफ देताना लोगो आउटलाइन केलेला, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर केलेला, हवा. प्रूफवर सही करण्याआधी अनुक्रमणिकेतले पान क्रमांक पुन्हा जुळवा, कारण शेवटच्या रात्री एखादी पूर्ण पानाची जाहिरात येतेच.